चौकोनी हिरा : वजन नव्हे, माप पाहा

प्रभादेवी-दादरकडचे गिऱ्हाईक आता प्रयोगशाळेत तयार झालेला हिराही मागते. चौकोनी 'प्रिन्सेस' हिरा खरेदी करताना व्यापारी बांधवांनी नुसते कॅरेट पाहू नये. ५.५ मिलिमीटर रुंद व ४ मिलिमीटर उंच हिरा साधारण १ कॅरेट भरतो; उंची रुंदीच्या सुमारे ७३ टक्के. हेच वजन तळाशी दडवले, तर ५.२ मिलिमीटरचाच हिरा पदरात पडतो. खाणीतला कच्चा माल महाग, म्हणून पैलू पाडणारा वजन राखतो. प्रयोगशाळेच्या स्वस्त मालात ती सबब चालू देऊ नये. लांबी-रुंदीत ५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा. कोपरे लवकर टवका धरतात. कारागिरांनी तेथे व्ही आकाराची पकड द्यावी. बिलावर 'प्रयोगशाळेतील हिरा' असे स्पष्ट लिहावे. तो खाणीचा म्हणून विकणे ही फसवणूकच होय.