यादी खालून वर लिहा

डिप्लोमाचे आणि बारावीचे निकाल लागले की माझ्या मोबाइलवर याद्या यायला लागतात. भाचा, त्याचे मित्र, वर्कशॉपमधल्या सहकाऱ्यांची मुलं, सगळ्यांना स्वतःच्या हाताने पहिला कॉम्प्युटर जोडायचा असतो. ‘मावशी, एवढ्यात बसतंय का बघ ना,’ म्हणून सुट्या भागांची यादी येते. सगळ्यात वर ग्राफिक कार्ड, त्याखाली प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचं कॅबिनेट. अगदी तळाशी एक ओळ असते: ‘एसएमपीएस – कॅबिनेटसोबत’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला लागेल तशी करून देणारा पत्र्याचा डबा. माझं म्हणणं असं, की ही ओळ आधी खोडा आणि यादी तिथूनच लिहायला घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वायरिंग आणि टेस्टिंगचं काम करते. आमची पॅनेलं चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जातात. प्रत्येक पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एक एसएमपीएस असतो. मशीनला हुकूम देणारा पीएलसी, सेन्सर, रिले असं सगळं त्याच्या जिवावर चालतं. तो कमजोर पडला की मशीन सरळ बंद पडत नाही, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. एखादा सेन्सर मधूनच भलतं दाखवतो, पीएलसी कारण नसताना रीसेट होतो. प्रोग्रॅमरला बोलावलं जातं, केबल बदलल्या जातात, ऑपरेटरला बोल लावला जातो. शेवटी कुणीतरी चालू लोडवर मीटर लावतं, तेव्हा २४ चे २० झालेले दिसतात.

घरच्या कॉम्प्युटरचंही हुबेहूब असंच होतं. मोठं ड्रॉइंग उघडलं की स्क्रीन काळी, रेंडर अर्ध्यावर आला की रीस्टार्ट. मग विंडोज पुन्हा टाकलं जातं, रॅम काढून घासून बसवली जाते, मदरबोर्ड दुरुस्तीला जातो. फुकट आलेल्या त्या पत्र्याच्या डब्याकडे कुणी बघत नाही.

त्या डब्यावरचं लेबल कसं वाचायचं ते सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. वर ठळक अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडून द्या. खाली एक तक्ता असतो : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकासमोर अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. त्या ओळीसमोर १५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १५, म्हणजे कामाची वीज १८० वॅट. उरलेला आकडा बाकीच्या ओळींची बेरीज करून फुगवलेला असतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच ओळीसमोर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. हा गुणाकार आठवीतल्या मुलालाही येतो, आणि वस्तूचा खरा आवाका त्यातूनच कळतो.

‘८० प्लस’चा शिक्का असला की झालं, असंही बरेचजण धरून चालतात. २००४ साली सुरू झालेली ही खूण एवढंच सांगते, की घेतलेल्या विजेतला किती भाग उष्णतेत वाया जात नाही. शॉर्ट सर्किट झालं, व्होल्टेज वर गेलं, लोड हाताबाहेर गेला, तर एसएमपीएस स्वतःहून बंद होईल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी खोक्यावर संरक्षणांची यादी आणि वॉरंटीची वर्षं बघावी लागतात. पाच वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक आपल्या कपॅसिटरबद्दल काहीतरी खात्री बाळगून असतो. चार-पाच हजारांत असा एसएमपीएस येतो. साठ-सत्तर हजारांच्या यंत्रात ही रक्कम वाचवण्यासारखी मुळीच नाही. शिवाय प्रोसेसर बदलला, मदरबोर्ड बदलला, तरी हा भाग पुढच्या यंत्रातही चालतो.

आता एसएमपीएसच्याही मागे जाऊ, भिंतीतल्या सॉकेटपर्यंत. थेरगावात माझ्या बहिणीकडे जुना डेस्कटॉप होता. भाचा म्हणाला, ‘मावशी, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पण सगळ्यांच्याच पीसीला येतात म्हणे.’ कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा लागला. सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच यायला हवं. तिथे आकडा ठरेना, साठ, ऐंशी, पुन्हा साठ. स्विचबोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती.

बहुतेक एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथे, फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट त्यांनी अर्थिंगमध्ये सोडायचा असतो. अर्थिंगच नसेल तर पत्रा मधल्यामध्ये तरंगत राहतो, साधारण ११५ व्होल्टवर. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात. पण मॉनिटर, प्रिंटर किंवा केबलचा बॉक्स जोडताना हाच प्रवाह पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो. पुढे कधी आतलं इन्सुलेशन गेलं तर पत्र्यावर पूर्ण फेज येतो आणि मग गोष्ट मुंग्यांवर थांबत नाही. इलेक्ट्रिशियनकडून बहिणीच्या घरी अर्थिंगचा खड्डा करून घेतला, वायर ओढून घेतली. भाच्याच्या नव्या यंत्रावरचा पहिला खर्च तो होता.

आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात हा प्रश्न मोठा आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, कारखाने आले, कारखान्यांमागोमाग माणसं आली, आणि महापालिका व्हायला १९८२ उजाडलं. तोवर गुंठ्या-दीड गुंठ्यावर घरं उभी राहिली होती, त्यांच्यावर मजले चढत होते, एका मीटरवरून पुढच्या खोलीत वायर ओढली जात होती. थेरगाव, रुपीनगर, दिघीतल्या कितीतरी घरांत तिसरी पिन नुसती शोभेची आहे. दिवसभर कारखान्यात अर्थिंगच्या पट्ट्या तपासणारी माणसं संध्याकाळी त्याच घरांत परत येतात. मला हे फार खुपतं.

शिवाय आपल्याकडे गुरुवार असतो. औद्योगिक भागाची सुट्टी, देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस. वीज जाते तेव्हा भागांना काही होत नाही, परत येते तेव्हा झटका देते. म्हणून छोटा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. तेवढ्यात मधल्या दर्जाचं यंत्र फाइल सेव्ह करून नीट बंद करता येतं. काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड लहरीवर बंद पडतात, म्हणून दोन्ही एकत्र चालवून दाखवा असं दुकानदाराला सांगावं. सांगायला संकोच कसला?

एवढं झालं की काम काय आहे ते विचारायचं. भाचा टूल डिझाइन शिकतोय. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, पुढे कॅम. पार्ट मॉडेलिंग बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे सोळा कोअरपेक्षा सहा वेगवान कोअर त्याच्या जास्त उपयोगाचे. रॅम १६ जीबी हवी, मोठी असेंब्ली उघडायची तर ३२. ग्राफिक कार्ड पहिल्या दिवशी लागत नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलं की शिकण्यापुरतं काम निभतं. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, हे बिल करण्याआधी बघा. स्वस्त पडतो म्हणून तो घेतला जातो आणि मग कार्ड घेणं भाग पडतं.

कार्ड पुढच्या वर्षी घालता येतं, ही तर डेस्कटॉपची खरी ताकद. त्यासाठी मदरबोर्ड विचारपूर्वक घ्यावा लागतो. प्रोसेसर ज्यात बसतो तो एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला आणि २०२० मध्ये आलेले रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही त्याच सॉकेटवर बसले. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चढवून लोकांनी चार-चार वर्षं काढली. २०२२ मध्ये एएम५ आला. इंटेलने २०२१ मध्ये एक सॉकेट आणला आणि २०२४ मध्ये डेस्कटॉपसाठी दुसरा. पहिल्यांदा जोडणाऱ्याने सॉकेटचं उरलेलं आयुष्य बघून बोर्ड घ्यावा, आणि रॅमच्या चार खाचा असलेला घ्यावा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना माल विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ८ जीबीच्या दोन पट्ट्या आज, आणखी दोन भाव उतरल्यावर, असं करायला चार खाचा लागतात.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांना एवढंच सांगते, की ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरताहेत. चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कॅबिनेटबद्दल माझं मत ठाम आहे. पुढून काच असलेलं कॅबिनेट आपल्या भागात घेऊ नये. दुरुस्तीला आलेलं पॅनेल मी उघडते तेव्हा पंख्याच्या जाळीवर धूळ आणि तेलाच्या वाफेचा राखाडी थर असतो, बोटाने निघत नाही, खरवडावा लागतो. चाकण-तळेगाव रस्त्यालगत किंवा मोशीकडे राहणाऱ्यांच्या घरात तेलाची वाफ नसेल, पण खडी आणि सिमेंटच्या गाड्यांची धूळ भरपूर असते. पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, आत हवा ओढणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक. आत हवेचा दाब किंचित जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही. काचेमागचे दिवे पहिल्या महिन्यात छान दिसतात. धूळ मात्र बारा महिने येते.

‘असेंबल्ड कशाला, कंपनीचा घ्या,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. मुलगा हॉस्टेलवर राहणार असेल तर लॅपटॉपच घ्यावा, त्यात वाद नाही. पण जोडलेलं यंत्र म्हणजे दुय्यम, हे मला मान्य नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यातले प्रोसेसर बाहेर बनलेले, बाजारात मिळणारे होते. चौसष्ट प्रोसेसर एकमेकांशी जोडून एकत्र काम करायला लावणं, ही इथल्या माणसांची कामगिरी होती. योग्य भाग निवडणं आणि ते नीट जोडणं ही विद्या आहे, आणि आपल्या पट्ट्यातल्या हजारो माणसांचं पोट त्याच विद्येवर चालतं.

जोडताना मी भाच्याला आमच्या टेस्टिंगची पद्धत लावायला सांगितली. पॅनेल पेटीत बंद करण्याआधी आम्ही बाहेर चालवून बघतो. तसंच मदरबोर्ड आधी त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडून सुरू करायचा. स्क्रीनवर काही दिसलं की मगच कॅबिनेट. बोर्डाखाली पितळी खुंट्या बरोबर त्याच भोकांखाली आहेत का हे मोजून घ्यायचं, एखादी जास्तीची राहिली तर शॉर्ट होतो. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक कार्डची आठ पिनांची केबल वेगळी, दिसायला सारखी असली तरी. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावायच्या नाहीत, पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. भाच्याने दुपारभर शांतपणे हे सगळं केलं. केबल बांधताना त्याने पट्ट्या एका दिशेला कापल्या, ते बघून मला फार बरं वाटलं.

दुकानदारांकडे माझी एक मागणी आहे. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एक ओळ बिलात लिहू नका. एसएमपीएसचं नाव, मॉडेल, १२ व्होल्टचे अँपिअर आणि सीरियल नंबर वेगळ्या ओळीत लिहा. आपण १८ टक्के जीएसटी भरतो, तेवढी माहिती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी मागणी आयटीआय आणि कंपन्यांकडे. चाकण-भोसरीतल्या कंपन्या ऑफिसातले डेस्कटॉप ठरावीक काळाने बदलतात आणि जुने ई-कचऱ्यात देतात. त्याआधी त्यांतले थोडे मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयसारख्या संस्थांना द्या. मुलांनी ते खोलावेत, जोडावेत, चालू लोडवर १२ व्होल्ट मोजावेत, सॉकेटमधलं अर्थिंग तपासावं. शिकवायला माणूस कमी पडत असेल तर गुरुवारी आमच्यासारख्या वर्कशॉपमधल्या लोकांना बोलवा. आयटीआय त्या दिवशी चालू असते आणि आम्हाला सुट्टी असते. मीटर आम्ही घेऊन येऊ.