मुक्कामाचे सामान आणि मराठी लेखकाचा संकोच

रानातल्या मुक्कामाला कोणते सामान आपल्याला आवडते आणि का, हा विषय साहित्यचर्चेत काढला की आमच्या प्राध्यापक मित्रांच्या कपाळावर आठी पडते. तंबू, सॅक, विजेरी हे दुकानदाराचे विषय. लेखकाने रानाविषयी लिहावे, रानात नेलेल्या गाठोड्याविषयी कशाला, असा त्यांचा आक्षेप असतो. जळगाव-धुळ्याकडे मराठी शिकवण्यात आमची उमेदीची वर्षे गेली आणि हा आक्षेप आम्हीही दीर्घकाळ प्रामाणिकपणे बाळगला. आज आम्हाला तो चुकीचा वाटतो. मराठी निसर्गलेखनातील एक जुना अप्रामाणिकपणा याच आक्षेपाच्या आडोशाने टिकून राहिला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आरंभ स्वतःपासून करणे बरे. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी विद्यार्थ्यांचे हिवाळी शिबिर होते. सूचनाफलकावर आम्हीच यादी लावली होती : सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी, विजेरी. आम्हा शिक्षकांकडे नवे कोरे तंबू आणि झोपण्याच्या नायलॉनच्या पिशव्या होत्या. साक्रीकडच्या मेंढपाळ घरातल्या एका मुलाने वडिलांची घोंगडी आणली होती. अंधार पडेपर्यंत त्याने ती पिशवीबाहेर काढली नाही. रात्री शेकोटीच्या ठिणग्या उडाल्या. आमच्या एका पिशवीला दोन भोके पडली. घोंगडीवर पडलेली ठिणगी त्या मुलाने चिमटीने झटकली आणि तो पुन्हा निजला. पहाटे आमचा तंबू आमच्याच श्वासाच्या दवाने आतून ओला झाला होता.

पुढे आम्ही महाविद्यालयाच्या वार्षिकात शिबिरावर ललित लेख लिहिला. त्यात चांदणे होते, सागाची पाने होती, 'उघडे आभाळ' तर तीन वेळा होते. घोंगडी नव्हती. विहिरीवरून दोन्ही दिवस कावडीने पाणी आणणारे गावातले दोन पुरुषही नव्हते. लेख वाचून तोच मुलगा एवढेच म्हणाला, "सर, ह्यात पाणी आणणारे नाहीत." आमच्या लेखाची याहून अचूक समीक्षा अद्याप कुणी केलेली नाही.

सामान वगळले की सामान वाहणारा वगळला जातो. लेखक जणू देहाविना, तहान-थंडीविना रानात वावरला, असा आभास निर्माण होतो आणि आपण त्याला 'निसर्गाशी तादात्म्य' म्हणतो.

जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या प्रत्येक सहलीत आम्ही मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगतो. १८४४ पासून त्याने लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्यात आयुष्य घातले; १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्या बहुतेक जळाल्या; १८७९ मध्ये तो गेला आणि भुसावळला त्याचे दफन झाले. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे त्याची प्रेमकहाणी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु त्या काळोखात उजेड कशाचा होता, कापडाचे ओझे कुणाच्या खांद्यावर होते, हे प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारले नाहीत. वाघूर नदीचे वळण दाखवून आम्ही पुढे गेलो.

आता आवडत्या वस्तूंकडे वळू. पहिली अर्थातच घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर भरड. ती कातून सणगर विणकर खड्डामागावर पट्टी विणतो आणि तिला चिंचोक्याची खळ देतो. त्या खळीने कापड ताठ होते आणि पाणी चटकन आत शिरत नाही. एकच वस्तू अंथरूण होते, पांघरूण होते, पावसात डोक्यावरची खोळ होते. लोकर ओली झाली तरी काहीशी ऊब राखते आणि ठिणगीने वितळत नाही. आम्ही शिकवताना मात्र घोंगडी आली की लगेच 'प्रतीक' म्हणतो आणि तिचा वास, वजन, टोचणे यांतून सुटका करून घेतो.

दुसरी वस्तू वाघर. साक्री-शिंदखेडा भागातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन निघतात. बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. रात्री ज्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, तिथे मेखांना हे जाळे बांधून वाडा उभा करतात. शेताला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसा. सकाळी जाळे गुंडाळले की वाडा नाहीसा. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे शिकाऱ्याचे जाळे. ज्या शब्दात जनावर पकडण्याची कल्पना होती, त्यात आता जनावर राखण्याची आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते हवे?

तिसरी वस्तू प्लास्टिकचा कागद. पदभ्रमण करणारा तो तंबूखाली अंथरतो, जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून. खानदेशातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तोच कागद हे छप्पर असते आणि हंगामभर मुले त्याखाली वाढतात. वस्तू एकच, एकाची हौस, दुसऱ्याचे घर. ही तफावत कोणत्याही घोषणेशिवाय कळते, पण ती कळायला आधी कागदाचे नाव पानावर यावे लागते.

कपाळावर बांधायची विजेरीही आम्हाला मनापासून आवडते. दोन्ही हात मोकळे ठेवणारा उजेड ही मोठीच सोय आहे. म्हणून 'जुने ते सोने' असा आमचा पक्ष नाही. घोंगडीचे स्तोत्र गाणे हीही पळवाटच. तो मेंढपाळाचा मुलगा आज कळपामागे जात नाही आणि त्याने जावे असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. मुक्कामाच्या सामानाच्या ज्या चकचकीत याद्या हल्ली फिरतात, त्यांवरही आमचा आक्षेप एवढाच, की त्यांत किंमत आणि वजन असते, वाहणारा माणूस नसतो. साहित्यिक मित्र वस्तू गाळतात, दुकानदार माणूस गाळतो. उणे दोन्हीकडे सारखेच.

'यादी म्हणजे साहित्य नव्हे' असे उत्तर येईल. त्यावर आम्ही 'लीळाचरित्रा'कडे बोट दाखवू. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या या ग्रंथात चक्रधरांचे भ्रमण आहे, आणि ते कुठे थांबले, काय जेवले, कशावर बसले हे सांगताना त्याला कमीपणा वाटत नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'ने तर मुक्कामाचेही प्रकार केले : दीर्घकाळचे ते 'अवस्थान', रात्रीपुरती ती 'वसती', घटकाभराचे ते 'आसन'. मराठी गद्याचा पायाच अशा बारीक नोंदींवर उभा आहे. संकोच नंतरचा, आपला सुशिक्षितांचा.

अलीकडच्या काळात मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे आदराने टिपली आणि मराठीला पक्षिकोश दिला. तोच आदर मेख, वाघर, खोळ, कावड, वळकटी या शब्दांना द्यायला आपली हरकत कोणती?

आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रवासवर्णन किंवा निसर्गपर ललित गद्य शिकवताना चार प्रश्न विचारावेत. लेखक कशावर निजला? त्याने कशात शिजवले? पाणी कुठून आले? ओझे कुणी उचलले? उत्तरे मिळाली तर लेखकाचे कौतुक करावे. न मिळाली तर 'तादात्म्य' हा शब्द जपून वापरावा. सुरुवातीला आम्ही हे प्रश्न आमच्याच वार्षिकातल्या लेखाला विचारले. चारांपैकी एकाचेही उत्तर त्यात सापडले नाही.