बचत पालिकेची, वेठबिगार आईची

सोळा वर्षांचा एक मुलगा. बोलता येत नाही, रस्त्यावरच्या रहदारीचं भान नाही, घाबरला की अंग टाकून देतो. अंगाने मात्र आईपेक्षा थोराड. सकाळी पावणेआठला दारात गाडी येते, गाडीत एक मदतनीस असते, आणि तो शाळेला जातो. पुढचे सहा-सात तास त्याच्या आईचे. आईचे म्हणजे काय, तर त्यात तिची अर्धवेळ नोकरी, धाकटीचं सगळं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषधपाणी, आणि रात्री हुकलेली झोप. आता ही गाडी काढून घ्या. कागदावर पालिकेचे पैसे वाचले. त्या घरात काय झालं?

इंग्लंडमध्ये घरोघरी आज हाच प्रश्न आहे. तिथल्या महापालिकांना कौन्सिल म्हणतात, आणि अपंग मुलांच्या बऱ्याचशा सोयी कौन्सिलच्या हातात असतात: शाळेची ने-आण, आईबापांना काही तासांची उसंत मिळावी म्हणून मुलाला सांभाळण्याची व्यवस्था, घरी येणारी मदत. (मी 'अपंग'च म्हणते आहे. 'दिव्यांग' म्हटल्याने कुणाच्या शाळेला उतार बांधला गेल्याचं मी पाहिलेलं नाही.) बर्मिंगहॅमच्या पालिकेने सोळा वर्षांपुढच्या मुलांची मोफत ने-आण बंद करून त्याऐवजी कुटुंबाला प्रवासापुरते पैसे द्यावेत असा प्रस्ताव मांडला. इतरही अनेक पालिका याच वाटेवर आहेत.

कायद्यातली मेख पाहा. इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सक्तीचं आहे. २०१४ च्या कायद्यानुसार अपंग मुलाची शिक्षण आराखड्याची सोय पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. पण मोफत ने-आण करण्याचं पक्कं बंधन सोळापर्यंतच; त्यापुढे पालिकेची मर्जी. म्हणजे शिकायला तर हवंच, पोचायचं कसं ते आईने बघावं. प्रवासाचे पैसे देऊ म्हणतात, ते पेट्रोलचे. तिच्या चार फेऱ्यांचे, बुडालेल्या पगाराचे, मुलाला सीटवर धरून बसायला लागणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नाहीत. काम संपलेलं नाही, फक्त त्याचा पगार संपला आहे. याला बचत म्हणायचं, की वेठबिगार?

आणि या काटछाटीचं जे कारण सांगितलं गेलं, ते ऐकून कुठल्याही बाईचं रक्त उसळावं. ५ सप्टेंबर २०२३ ला बर्मिंगहॅमच्या पालिकेने जाहीर केलं, आमच्यापाशी पैसे नाहीत, कायद्याने बंधनकारक नाही असा कुठलाही नवा खर्च करणार नाही. मुख्य कारण दिलं समान वेतनाचे दावे. लगेच बातम्यांचा सूर लागला: बायकांच्या समान वेतनापायी शहर बुडालं!

कुठल्या बायका या? शाळांत स्वयंपाक करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि अपंगांची देखभाल करणाऱ्या. कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे पुरुष त्याच श्रेणीत होते, पण त्यांना बोनस मिळे आणि बायकांना नाही. इंग्लंडचा समान वेतन कायदा १९७० चा, अमलात आला १९७५ च्या डिसेंबरात. २०१० मध्ये चार हजारांहून अधिक बायका कामगार न्यायाधिकरणात जिंकल्या. २०१२ मध्ये १७४ माजी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचं अपील फेटाळलं. तरीही नवे दावे येत राहिले. त्यामागचं एक कारण म्हणजे कचरा विभागातली रीत: नेमून दिलेली फेरी उरकली की घरी जा, पगार पूर्ण दिवसाचा. लकव्याने पडलेल्या म्हातारीची देखभाल करणारीला ती 'उरकून' घरी कसं जाता येईल?

म्हणजे जे देणं होतं, ते त्या बायकांचा वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला पगार होता. ती उधळपट्टी नव्हती, उधारी होती. उधारी मागणारीवर दिवाळखोरीचं खापर फोडायचं, ही सावकारी रीत. आणि तेवढंच कारण होतं असंही नाही. सुमारे १.९ कोटी पौंडांत व्हायची नवी संगणक व्यवस्था फसली आणि खर्च १० कोटींच्या घरात गेला. केंद्र सरकारने २०१० नंतर अनुदानं छाटली, त्यात एका दशकात १०० कोटी पौंड गेले असं पालिकाच सांगते. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी समान वेतनाच्या देण्याच्या फुगलेल्या अंदाजावरच बोट ठेवलं. पण संगणकाच्या कंत्राटाला चेहरा नसतो. स्वयंपाकिणीला असतो.

मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची काटछाट मंजूर झाली. मुलांच्या सेवांवरही कुऱ्हाड आली. एका बाईला तिच्या हक्काचा पगार द्यायचा म्हणून दुसरीच्या मुलाची गाडी काढून घ्यायची, आणि दोघींना एकमेकींसमोर उभं करायचं. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. त्यांचं एक पद रद्द करताना पालिकेने पुन्हा समान वेतनाचंच नाव पुढे केलं. आता पुरुष कामगारही बायकांकडे बोट दाखवायला मोकळे. आपल्या संघटनांनी या सापळ्यात पाय अडकू देऊ नये. समान वेतन की अपंगांच्या सेवा, हा प्रश्नच लबाडीचा आहे. दोन्हीकडे बाईचंच काम आहे: एकीकडे कमी पैशात, दुसरीकडे फुकटात.

फुकटातल्या या कामाची किंमत तिथलं सरकार काय करतं? आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्याला २०२५-२६ या वर्षात ८३ पौंड ३० पेनी भत्ता होता. भागाकार करा: तासाला २ पौंड ३८ पेनी. त्याच वर्षी प्रौढ कामगाराचं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेनी होतं. शिवाय त्या वर्षी बाहेर काम करून आठवड्याला १९६ पौंडांच्या वर एक पौंड जरी जास्त मिळाला, तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जाई.

हा भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा विवाहित बाईला तो मिळतच नव्हता. कारण? ती तशीही घरीच असते! जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने अपंग आईची देखभाल करण्यासाठी नोकरी सोडली, भत्ता नाकारला गेला, तेव्हा ती भांडली. युरोपीय न्यायालयाने जून १९८६ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. निकाल येणार हे दिसताच सरकारने आदल्या दिवशीच माघार घेतली होती. कायद्यातून ते वाक्य गेलं, अंदाजपत्रकातून गेलेलं नाही. 'कुटुंबाने अधिक सहभाग घ्यावा' असं पालिका लिहिते, तेव्हा कुटुंब म्हणजे कोण हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कपातीचा परिणाम कुणावर होईल याचा विचार करणं २०१० च्या समता कायद्याने बंधनकारक आहे. पण 'लिंग' या रकान्यात बहुधा सेवा घेणारे मुलगे किती आणि मुली किती एवढंच मोजलं जातं. आई त्या रकान्यात बसत नाही.

तरी तिथल्या आया गप्प बसलेल्या नाहीत. ब्रिस्टलच्या पालिकेने विशेष शिक्षणाच्या निधीतून ५० लाख पौंड कापले, तेव्हा काही कुटुंबं न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ती कपात बेकायदा ठरवली, कारण ज्यांच्या मुलांवर घाला येणार त्यांना विचारलंच नव्हतं. नुसतं विचारून भागत नाही, निर्णय कच्चा असतानाच विचारलं पाहिजे, हे इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८५ पासून सांगितलं आहे. आपल्याकडे 'हरकती व सूचना' मागवतात, तेव्हा निविदा किती वेळा आधीच निघालेली असते!

आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. कलम २४ वाचा. पण त्याच कलमात सुरुवातीला शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी राखून ठेवायची आहे. यंदा आपापल्या गावच्या पालिकेत जाऊन तो हिशेब मागा. तीनचाकी किती वाटल्या ते सांगतील, वाटपाचे फोटोही दाखवतील. शाळेच्या गाडीवर, गाडीतल्या मदतनीसावर आणि तिच्या पगारावर किती खर्च झाला, ते विचारा. आणि जाताना त्या मुलांच्या आयांना बरोबर न्यायचं असेल, तर त्या वेळेत मुलांजवळ कोण बसणार, हे आधी आपल्या बैठकीत ठरवा.