पिंपातल्या बाईला नाव कोण देणार?

रेल्वे स्टेशन म्हटलं की गाठोडी, पेट्या, गोणी, पिंपं आलीच. कुणाचं सामान कुठलं, हे बघायला सवड कुणाला असते? बंगळुरूमध्ये नेमका याच गर्दीचा फायदा घेतला गेला. एकदा नव्हे, तीनदा!

डिसेंबर २०२२. बंगारपेट मार्गावरच्या मेमू गाडीत सामानात एक पिवळी गोणी पडून होती. दुर्गंधी सुटली म्हणून ती उघडली, तर आत बाईचा कुजलेला मृतदेह. महिनाभरात, जानेवारी २०२३मध्ये, यशवंतपूर स्टेशनात फलाटाच्या टोकाला निळं प्लास्टिकचं पिंप सापडलं. त्यातही एका तरुण स्त्रीचं प्रेत. तपासाचा धागा आंध्रातल्या मछलीपट्टणमपर्यंत पोहोचला, पण बाई कोण ते कळेना.

मग १३ मार्च २०२३. सर विश्वेश्वरय्या टर्मिनलच्या प्रवेशद्वारापाशी पुन्हा एक पिंप, पुन्हा एक बाई. शहर हादरलं. एकच माथेफिरू हे करत सुटलाय, अशी कुजबुज सुरू झाली. मात्र सीसीटीव्हीत रिक्षातून पिंप उतरवणारी माणसं दिसली आणि काही दिवसांतच तिघांना अटक झाली. मूळची बिहारची ती विवाहिता कौटुंबिक वादातून मारली गेली, संशयित नात्यातलेच, असं पोलिसांनी जाहीर केलं. आधीच्या दोन घटनांशी याचा संबंध नाही, हेही सांगितलं.

म्हणजे तिसरीला नाव मिळालं. तेव्हा आधीच्या दोघी मात्र बेनावच होत्या.

खुनाच्या तपासात पोलिसांचा पहिला प्रश्न 'कुणी मारलं?' हा नसतोच. 'मेलं कोण?' हा असतो. नाव कळलं की घर कळतं, नवरा, सासर, शेजारी, भांडणं, शेवटचा फोन... सगळं उलगडत जातं. नावच नसेल तर चौकशी करायची कुणाकडे? म्हणून तर मारेकरी प्रेत दूर नेऊन टाकतो. त्यात रेल्वे म्हणजे गाडी एका राज्यातली, प्रेत दुसऱ्या राज्यात आणि बेपत्ताची नोंद, झालीच असेल तर, तिसऱ्याच ठाण्यात.

विज्ञान मदतीला येतं, नाही असं नाही. हाडांवरून वय आणि उंचीचा अंदाज येतो, दातातूनही डीएनए मिळू शकतो. पण तो जुळवायचा कुणाशी? त्यासाठी आई, भाऊ, मुलगी, कुणीतरी रक्ताचं पुढे यावं लागतं.

याच बंगळुरूत १९९१मध्ये शाकेरे खलीली नाहीशी झाली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची ही नात. नवरा रोज नवी सबब सांगे. तिच्या मुलीला ते पटेना. तिने पिच्छा सोडला नाही, पोलिसांत तक्रार केली. अखेर १९९४मध्ये घराच्याच अंगणातून सांगाडा निघाला. कवटी आणि छायाचित्र यांची जुळणी, डीएनए चाचणी यांतून ओळख पटली. नवऱ्याला शिक्षा झाली. तीन वर्षं मातीत असलेल्या आईला नाव परत मिळालं, कारण 'माझी आई कुठे आहे?' असं विचारणारं कुणीतरी होतं.

गोणीतल्या आणि पिंपातल्या बाईबद्दल असं कुणी विचारलं होतं का? आपल्याकडे घरातली बाई नाहीशी झाली की आधी आठवते अब्रू. 'गेली असेल कुणाबरोबर' म्हणून तोंड बंद ठेवलं जातं. कामासाठी परमुलखात गेलेल्या मुलीचा फोन आला नाही, तर 'रागावली असेल' अशी समजूत काढली जाते. चोवीस तास थांबल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हा आणखी एक गैरसमज. असा कोणताही नियम नाही. संशय येताच ठाणं गाठावं. अलीकडचा फोटो, उंची, जुन्या जखमेची किंवा शस्त्रक्रियेची खूण, गोंदण, अंगावरचे कपडे, दागिने, सगळं लिहून द्यावं आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी.

लेक, बहीण, भावजय दूर गावी राहत असेल, तर तिचा पत्ता आणि तिच्या शेजारणीचा नंबर आज आपल्यापाशी आहे का? नसेल तर आजच विचारून ठेवा. चौकशी करणारं माणूस मागे आहे, एवढं नुसतं कळलं तरी वाईट विचार करणारा हात कदाचित थबकेल.