लिंबाचा बर्फ आणि फेसाळती वाइन

उन्हाळा आणि लग्नसराई एकत्र आली की लिंबू महाग होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर एकेका लिंबाला दहा-पंधरा रुपये मोजण्याची पाळी आपल्यावर आली होती. तरी सरबत कोणी बंद केले नाही, आणि ते बरोबरच होते. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी, मीठ, थोडी साखर आणि लिंबाचा रस यांपेक्षा चांगले काही देता येत नाही. आज लिहायचे आहे ते या सरबताच्या एका नव्या अवताराविषयी.

नेरूळ, सीवूड्स, खारघर या भागांत वाढदिवस, साखरपुडा किंवा वास्तुशांत झाली की संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर किंवा एखाद्या लॉनवर ‘पार्टी’ असते. (पूजा सकाळी, पार्टी संध्याकाळी, दोन्हीकडे पाहुणे तेच.) अशा ठिकाणी अलीकडे एक पदार्थ दिसू लागला आहे. लिंबाचा किंवा मोसंबीचा रस साखरेच्या पाकात मिसळून गोठवायचा, तो बर्फ खरवडून उंच काचेच्या पेल्यात भरायचा आणि वरून फेसाळती वाइन ओतायची. इटलीतल्या व्हेनिसकडची ही जुनी रीत. तिकडे तिला स्ग्रोपिनो म्हणतात आणि जेवणानंतर लहानशा पेल्यात देतात. त्यातल्या गोठवलेल्या रसाला सॉर्बे म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘सरबत’ या शब्दाचाच भाऊबंद आहे. अरबी-तुर्की वाटेने तो युरोपात गेला आणि आता वाइनचा हात धरून आपल्याकडे परत आला आहे. पनवेलपर्यंत आलेली फॅशन पेण, अलिबाग, महाडला पोचायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून आधीच चार गोष्टी सांगून ठेवाव्यात असे वाटले.

माझे मत सरळ आहे. लिंबाचा बर्फ हा घरातल्या सर्वांचा पदार्थ आहे. वाइन ही ज्याला घ्यायची आहे त्या प्रौढ माणसाची बाब आहे. ज्या पंगतीला मुले, म्हातारी माणसे आणि औषधे चालू असलेली माणसे बसणार आहेत, तिथे या दोन गोष्टी एका पेल्यात घालू नयेत. पिणाऱ्यांनी कमी प्यावे वगैरे उपदेश पुष्कळ झाले. न पिणाऱ्याच्या तोंडात नकळत मद्य जाते, हा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो.

नकळत कसे, ते पाहा. थंडीने जीभ बधिर होते, चव मंद होते. मद्याचा जो जळजळीत कडवटपणा असतो त्याच्यावर एकीकडून साखर आणि दुसरीकडून लिंबाची आंबट चव पांघरूण घालते. फेसामुळे वाटते की सोडा आहे. साध्या पेल्यात वाइन दिली तर दहा वर्षांचा मुलगा पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करील. हाच मुलगा चमच्याने हा बर्फ आवडीने खाईल आणि आणखी मागेल. टेबलावर ठेवलेले उरलेसुरले पेले मुले कशी रिकामे करतात, हे कोणत्याही आईला विचारावे. लहान मुलाच्या शरीरात मद्य गेले तर नशेपेक्षा वेगळाच धोका असतो. रक्तातील साखर एकदम उतरते, मूल सुस्त पडते आणि लोक समजतात की खेळून दमले आहे. असे पेय पोटात गेल्याचा संशय असलेले मूल पेंगुळलेले दिसले तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून सोडू नये, तडक डॉक्टरकडे न्यावे.

गोठवल्यामुळे मद्य उडून जाते किंवा निष्प्रभ होते, अशी एक समजूत ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांना गोठते आणि आपल्या घरचा फ्रीझर फार तर उणे १८ अंशांपर्यंत जातो. म्हणजे पाणी गोठते आणि अल्कोहोल त्या बर्फाच्या कणांमध्ये तसेच राहते. वाइन घातलेला बर्फ नीट घट्ट होत नाही, लगदा होतो, त्याचे कारण हेच.

आता हिशेब. फेसाळत्या वाइनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असते. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. त्यातच काही जण वर व्होडकाचा एक माप घालतात, तो वेगळा. शिवाय फेसाचा वायू अल्कोहोलला जठरातून आतड्यात लवकर ढकलतो, त्यामुळे ते रक्तात साध्या वाइनपेक्षा भरभर चढू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला रिकाम्या पोटी एक पेला या मर्यादेपाशी नेऊन ठेवतो, दुसरा निश्चित पलीकडे नेतो. रात्री पाम बीच रस्त्याने गाडी हाकत घरी जाणाऱ्याने ‘मी तर फक्त आइस्क्रीम खाल्ले’ म्हणून पोलिसांच्या यंत्राला काही फरक पडत नाही.

“पण वाइन म्हणजे फळांचा रसच ना?” हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण द्राक्षे आपली आहेत. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीवर फेसाळती वाइन तयार होऊ लागली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. पुढे नाशिक-दिंडोरी परिसर वाइनसाठी प्रसिद्ध झाला आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष-प्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आणले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते वाचकांना आठवत असेल. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे तेव्हा व्यासपीठावरून सांगितले गेले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा याला कोणाचा विरोध असणार? पण यकृताला द्राक्षाचा मालक कोण हे समजत नाही. वाइनमधले अल्कोहोल आणि देशीमधले अल्कोहोल हे रासायनिक दृष्ट्या एकच द्रव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. रोज थोडी वाइन हृदयाला चांगली, हे जुने वाक्य आता विसरावे. आपल्या कायद्यालाही हा फरक फारसा मान्य नाही. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअर घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, कडक मद्यासाठी २५. पेल्यात बर्फ घातला म्हणून ही अट वितळत नाही.

गरोदर स्त्रीने मद्याचा एक चमचाही घेऊ नये. सुनेला तीन महिने झाले आहेत हे तिने अजून कोणाला सांगितलेले नसते, आणि ‘अगं, लिंबाचंच आहे, घे’ असा आग्रह होतो. आपल्याकडचा आग्रह तुम्हांला ठाऊक आहेच. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना आधी त्या बर्फातली साखर चढवते आणि मग काही तासांनी मद्य साखर उतरवते. मध्यरात्री घाम सुटतो, हातपाय थरथरतात. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर मद्याने उलट्या, चेहऱ्याची लाली, धडधड असा त्रास होऊ शकतो, म्हणून ही गोळी देताना डॉक्टर मद्य टाळायला सांगतात. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर मद्य मुळीच नको.

औषधांचा विषय निघालाच आहे तर फळांविषयीही एक सूचना. परदेशी पाककृतीत लिंबाऐवजी कधी ग्रेपफ्रूट सांगितलेले असते आणि हल्ली तेही विकायला येते. हे फळ काही औषधांचे पचन रोखते, त्यामुळे औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबासाठीची निफेडिपिन ही त्यांतली नेहमीची नावे. गणपतीपुढे आपण ठेवतो ते पपनस याच कुळातले, म्हणून ही औषधे घेणाऱ्यांनी पपनसाचा रस पेलाभर पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साध्या कागदी लिंबाने या गोळ्यांना बाधा येते असे नाही, तेव्हा निष्कारण घाबरू नये.

आता बर्फ. घरी गोठवलेल्या रसाबद्दल माझी काही तक्रार नाही. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, नळाला शुद्ध केलेले पाणी येते. ते गाळून, उकळून घेतले की झाले. पण मोठ्या समारंभात पेले थंड ठेवायला आणि बाटल्या बुडवायला बर्फाच्या लाद्या बाहेरून येतात, आणि बाटल्यांभोवतीचा तोच बर्फ गर्दी वाढली की फोडून पेल्यात पडतो. मासळी टिकवण्यासाठी केलेली लादी आणि खाण्याचा बर्फ दिसायला सारखेच. म्हणूनच २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे केले. केटररच्या पेटीत निळसर लादी दिसली तर ती तुमच्या पोटासाठी नाही, एवढे लक्षात ठेवावे. पांढरा बर्फ असला तरी तो कोणत्या पाण्याचा, हे विचारायला संकोच कसला? गोठल्याने जंतू मरत नाहीत. विषमज्वराचे आणि काविळीचे जंतू बर्फात दबा धरून बसतात आणि बर्फ वितळला की मोकळे होतात. मद्याने ते मरतील ही आशाही व्यर्थ आहे. हातावर चोळायच्या जंतुनाशकात ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल लागते. इथे मुळात १२, त्यात बर्फाचे पाणी मिसळून आणखी निम्मे.

बाटलीविषयी थोडक्यात. फेसाळत्या वाइनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. लवकर गार व्हावी म्हणून ती फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर फुटू शकते. बूच हवेत उडवण्याची हौस तर नकोच. त्याने डोळे कायमचे गेल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांना माहीत आहेत. बाटली तिरपी धरावी, बुचावर फडके ठेवावे, बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी, आणि समोर कोणी उभे नाही हे आधी पाहावे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग करायचे काय, पाहुण्यांना नुसते पाणी द्यायचे? मुळीच नाही. हा बर्फ वाइनवाचून करावा, तो वाइनसह केलेल्यापेक्षा जास्त चांगला जमतो, कारण नीट गोठतो. अर्धा लिटर पाण्यात १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवून उकळी आणावी आणि पूर्ण गार करावे. पाक कोमट असताना रस घालू नये, क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. मग पाच-सहा लिंबांचा आणि चार मोसंब्यांचा रस गाळून घालावा. मोसंबी जालन्याकडची मिळाली तर उत्तम. लिंबू आधी चोळून धुऊन त्याची साल हलक्या हाताने किसावी, फक्त वरची; आतला पांढरा भाग कडू असतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये, हे आपल्या आज्यांना न शिकवता ठाऊक होते. पसरट ताटलीत हे मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहिले की तीन-चार तासांत भुरभुरीत बर्फ तयार होतो.

यातून आठ वाट्या होतात आणि एका वाटीत जवळजवळ चार चमचे साखर जाते. दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी हे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे एक वाटी झाली की त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. मधुमेह्यांनी दोन चमचे चाखावे आणि थांबावे. आंबटाने दातांवरचे आवरण थोडे मऊ पडते, म्हणून खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच ब्रशने दात घासू नयेत, अर्धा तास जाऊ द्यावा.

आणि फेस हवाच असेल तर गार साधा सोडा आहे. पेल्यात दोन डाव बर्फ, त्यावर काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, मग कडेने सोडा सोडावा. फेस वर येतो तो पाहायला मुले गोळा होतातच. जवळपास अजून कोणाकडे गोटी सोड्याची बाटली मिळत असेल तर तीच आणावी, तिच्या आवाजाची मजा वेगळी. ज्यांना वाइन घ्यायची असेल त्यांचे टेबल, पेले आणि बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि समारंभ संपल्यावर ते पेले यजमानाने स्वतः आधी उचलून धुवायला टाकावेत.