विश्लेषण : स्पीकरचा आवाज मोजतो, पण वजन कोण मोजणार?

मोठ्या संगीत कार्यक्रमात व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या लांबलचक माळा लटकलेल्या दिसतात. त्यांच्या आवाजासाठी आपल्याकडे नियम आहेत, न्यायालयांचे आदेश आहेत, डेसिबल मोजणारी यंत्रे आहेत. रात्रीचे १० वाजले की आवाज बंद झाला का, हे पाहायला पोलीस येतात. पण हे पाऊण टन वजन नेमके कशाला बांधले आहे, त्याचा हिशेब कोणी केला आणि वादळी वारा सुटला तर ते खाली उतरवण्याचा हुकूम कोण देणार, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. मोकळ्या मैदानांवर आणि स्टेडियममध्ये हजारोंच्या गर्दीचे कार्यक्रम वाढत असताना ते विचारायलाच हवेत.

स्पीकर उंचावर लटकवतात कशासाठी?

जमिनीवर ठेवलेला स्पीकर पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसवतो आणि शेवटच्या रांगेला धड ऐकू येत नाही. मध्ये उभी असलेली माणसेच आवाजाच्या वरच्या पट्ट्या शोषून घेतात. यावर उपाय म्हणून 'लाइन अ‍ॅरे' ही पद्धत रुळली. एल-अकूस्टिक्स या फ्रेंच कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या 'व्ही-डॉस्क' या प्रणालीमुळे ती जगभर पसरली. यात एकाखाली एक अशा अनेक पेट्या जोडून, त्यांना हलकासा बाक देऊन माळ उंचावर टांगतात. वरच्या पेट्या दूरच्या श्रोत्यांकडे आणि खालच्या पेट्या जवळच्यांकडे पाहतात, त्यामुळे पुढे आणि मागे आवाज बराचसा सारखा पोहोचतो. म्हणजे स्पीकर टांगणे हा निव्वळ थाट नाही. श्रोत्यांच्या कानांसाठी ते चांगलेच आहे. म्हणूनच त्यावर बंदी हा उपाय नाही. नीट टांगणे हाच उपाय आहे.

प्रत्यक्षात वजन किती असते?

मोठ्या कार्यक्रमांत वापरल्या जाणाऱ्या 'के-२' या स्पीकरच्या एका पेटीचे वजन ५६ किलो आहे. अशा १२ पेट्यांची माळ म्हणजे ६७२ किलो. वरची लोखंडी चौकट, केबल, साखळी आणि मोटर धरली की आकडा पाऊण टनाच्या पुढे जातो. याच कंपनीच्या 'के-१'ची एक पेटी १०६ किलोची आहे. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला तेवढेच वजन, त्याशिवाय दिवे, एलईडी पडदे आणि मैदानाच्या मध्यावर उभे केलेले जास्तीचे मनोरे.

हे वजन एका साखळीने जमिनीपर्यंत पोहोचते. पेटीतून पिनेकडे, पिनेतून चौकटीकडे, तिथून शॅकल, चेन मोटर, स्लिंग, ट्रस, खांब आणि शेवटी माती. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढे पेलेल तेवढीच पूर्ण साखळीची ताकद. दोन टनांची मोटर आणली, पण शॅकल फुटपाथवरून घेतलेला, क्षमतेचा शिक्का नसलेला असेल, तर त्या मोटरच्या दोन टनांना काही अर्थ उरत नाही.

हिशेब चुकतो कुठे?

पहिली चूक कोनाची. वजन एका बिंदूला बांधता आले नाही की दोन तिरक्या दोऱ्यांनी ते दोन ठिकाणी बांधतात. १,००० किलो दोघांत वाटले म्हणजे प्रत्येकी ५००, असे वाटते. तसे फक्त दोऱ्या उभ्या समांतर असतील तरच होते. दोन दोऱ्यांमधला कोन ९० अंश झाला की प्रत्येक दोरीवर सुमारे ७०७ किलोचा ताण येतो. १२० अंशांना प्रत्येक दोरीवर पूर्ण १,००० किलो येतात आणि १५० अंशांना सुमारे १,९३० किलो. वजन तेवढेच राहते, फक्त दोरी आडवी होत गेल्याने ताण चौपटीच्या जवळ जातो.

दुसरी चूक भागाकाराची. ९०० किलोचा, सगळीकडे सारखा भरलेला ट्रस तीन मोटरींवर टांगला तर प्रत्येकीवर ३०० किलो येतील असा समज असतो. तिन्ही मोटरी एका रेषेत, समान अंतरावर आणि अगदी समपातळीत असल्या तरी मधल्या मोटरीवर सुमारे ५६० किलो येतात आणि कडेच्या दोघींवर १७० किलोंच्या आसपास. मधली मोटर थोडी वर ओढली गेली तर हा आकडा आणखी वाढतो. थोडी सैल राहिली तर सगळे ओझे कडेच्या दोघींवर जाते. अर्ध्या टनाच्या तीन मोटरी लावून 'दीड टनाची सोय केली' म्हणणारा इथेच फसतो. प्रत्येक मोटरीवर खरेच किती वजन आले हे दाखवणारे 'लोड सेल' बाजारात आहेत. ते लावले तर तर्क करत बसावे लागत नाही.

तिसरी चूक धक्क्याची. स्थिर लटकलेले वजन आणि झटक्याने सुरू होणारे किंवा थांबणारे वजन सारखे नसते. दोरीवर एकदम सोडलेले वजन, ते अजिबात खाली आदळले नाही तरी, क्षणभर दुप्पट ताण देते. म्हणून या क्षेत्रात सामानाची तोडक्षमता प्रत्यक्ष वजनाच्या निदान पाचपट धरतात आणि खाली माणसे असतील तर आठ ते दहापट. ही उधळपट्टी नाही. वर सांगितलेल्या चुका, झीज आणि गंज यांच्यासाठी ठेवलेली ती जागा आहे. 'एवढे पेलते, अजून दोन पेट्या लावू' असे म्हणत ती वापरून टाकायची नसते.

वारा आणि माती काय करतात?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ६ बाय ४ मीटरच्या पडद्यावर ढोबळमानाने १५० किलोचा जोर येतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच ६०० किलोंच्या घरात जातो. स्पीकरच्या मनोऱ्यांना जाहिरातीचा फ्लेक्स गुंडाळला की मनोऱ्याचे शीड होते. आयोजकाला मोकळी दिसलेली जागा प्रायोजकाला विकता येते, पण ती वाऱ्यालाही मिळते.

मनोरा उलटू नये म्हणून तारांनी बांधून काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. एक टनाचा ठोकळा एक टनाची आडवी ओढ अडवेल असे वाटते. प्रत्यक्षात तो घर्षणावर उभा असतो आणि ओल्या मातीवर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून कमी ओढीनेही घसरू शकतो. त्यात महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ पडते. दुपारी कडक मैदानावर उभा केलेला खांब संध्याकाळच्या अवकाळी सरीनंतर त्याच मैदानावर उभा नसतो. खांबाखाली रुंद पाट्या देणे आणि पावसानंतर ओळंबा पुन्हा तपासणे, एवढी साधी कामे मोठा अपघात टाळतात.

आजवरच्या दुर्घटना काय सांगतात?

१३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या जत्रेत मैफल सुरू होण्याआधी वादळी वाऱ्याने व्यासपीठाचे छत प्रेक्षकांवर कोसळले. सात जणांचा जीव गेला. तारा ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधल्या होत्या ते घसरल्याचे तपासात दिसले. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नक्की कोणाचा, यावरही तिथे स्पष्टता नव्हती. वादळाची पूर्वसूचना होती, पण निर्णय घेणारा माणूस ठरलेला नव्हता.

१६ जून २०१२ रोजी टोरांटोत रेडिओहेड या बँडच्या कार्यक्रमापूर्वी छत कोसळून एका ड्रम तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. दारे अजून उघडली नव्हती, म्हणून प्रेक्षक वाचले. हा खटला रेंगाळल्यामुळे २०१७ मध्ये थांबवला गेला आणि मृत्यूची सार्वजनिक चौकशी व्हायला २०१९ साल उजाडले.

२८ जुलै २०२२ रोजी हाँगकाँगमध्ये मिरर या गटाच्या कार्यक्रमात एलईडी पडदा नर्तकांवर पडला. धातूला थकवा येऊन तारेचा दोर तुटल्याचे सरकारी तपासात निष्पन्न झाले आणि टांगलेल्या सामानाचे वजन कागदावर बरेच कमी दाखवल्याचेही. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादजवळ एका कंपनीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात वरून खाली सोडला जाणारा पिंजरा कोसळून कंपनीच्या प्रमुखाचा जीव गेला.

या घटनांत निसर्गाचा किंवा नशिबाचा वाटा शोधता येईल. पण वजन, बांधणी, तपासणी आणि अधिकार या चार गोष्टी माणसांच्याच हातात होत्या.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

ब्रिटनमध्ये वजन उचलण्याच्या साधनांसाठी १९९८चे नियम आहेत. स्लिंग, शॅकल यांसारख्या सामानाची दर सहा महिन्यांनी आणि उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून घेणे तिथे बंधनकारक आहे. जर्मनीत चेन मोटरींचे वर्गच वेगळे केले आहेत. साध्या वर्गाच्या मोटरीवर वजन टांगून खाली माणसे उभी करता येत नाहीत. त्यासाठी दुसरा स्वतंत्र सुरक्षा दोर तरी लावावा लागतो किंवा वरच्या वर्गाची मोटर तरी. माणसांच्या डोक्यावर वजन हलवायचे असेल तर आणखी वरचा वर्ग. 'खाली कोण उभे आहे' हा तिथे नियमाचाच भाग आहे.

आपल्याकडे काय बदलायला हवे?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक नाही, रात्री १० ते सकाळी ६ बंदी, ही शिस्त त्यांनी आणली आणि ती गरजेचीच होती. पण ध्वनिक्षेपक म्हणजे फक्त आवाज नाही, ते वजनही आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचे प्राण गेले. त्याचा पाया पुरेसा नव्हता, हे नंतर कळले. फलक वर्षभर उभा असतो, म्हणून निदान त्याच्याकडे बोट दाखवता येते. मैफलीचा मनोरा दोन दिवसांत उभा राहतो आणि एका रात्रीत निघून जातो. तपासणीची वेळही तेवढीच असते.

म्हणून कार्यक्रमाच्या परवानगीत चार गोष्टी सक्तीच्या असाव्यात. एक, टांगलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन आणि बिंदूनिहाय भार दाखवणारा आराखडा, त्यावर अभियंत्याची सही. दोन, सामानावर क्षमतेचा शिक्का आणि तपासणीची तारीख. तीन, वाऱ्याच्या कोणत्या वेगाला काय करायचे याचा लेखी तक्ता आणि मैदानावर वेगमापक. चार, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार असलेल्या एकाच माणसाचे नाव. हा माणूस आयोजकाच्या पगारावर असला तरी तिकीटविक्रीच्या दडपणाखाली नसावा.

यावर आक्षेप येणारच. छोट्या साउंडवाल्यांना आणि मांडववाल्यांना हा खर्च परवडेल का? प्रश्न रास्त आहे. जमिनीवर दोन पेट्या ठेवून होणाऱ्या वाढदिवसाला हे नियम लावू नयेत. माणसांच्या डोक्यावर वजन टांगले की नियम लागू, अशी रेषा आखता येईल. आणि हा धंदा करणाऱ्यांनाच त्याचा फायदा आहे. आज स्वस्त दर देणारा शॅकलवर पैसे वाचवतो आणि नीट काम करणाऱ्याचे कंत्राट पळवतो. नियम सगळ्यांना सारखा लागला की ही स्पर्धा थांबेल.

रिगर, म्हणजे उंचावर चढून हे सगळे बांधणारा कामगार, या चर्चेत सगळ्यात मागे राहतो. टोरांटोत प्रेक्षक नव्हते, कामगार होता. रात्रभर जागून, कमरेला पट्टा न लावता ट्रसवर चढणाऱ्या मुलाकडून अचूक गाठीची अपेक्षा कशी करणार? त्याचे प्रशिक्षण, विमा आणि झोप हाही प्रेक्षकांच्या सुरक्षेचाच भाग आहे.

मंडळांनी आणि श्रोत्यांनी काय करावे?

गणेशोत्सव, जत्रा किंवा गॅदरिंगसाठी साउंड ठरवताना किती वॅट आणि किती पैसे हे आपण विचारतोच. त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत. एकूण वजन किती टांगणार? कशाला टांगणार? दुसरा सुरक्षा दोर आहे का? उत्तर देताना समोरचा गडबडला तर स्पीकर जमिनीवर ठेवायला सांगावे. ट्रॉलीवर पेट्यांची भिंत रचली असेल तर ती पट्ट्यांनी आवळली आहे का आणि वरच्या वीजतारांपासून दूर आहे का, हे मिरवणूक निघण्याआधी पाहावे. श्रोत्यांनी टांगलेल्या माळेच्या थेट खाली उभे राहू नये आणि वारा वाढल्यावर मैदान सोडायला सांगितले तर हुज्जत घालू नये. वाऱ्यामुळे थांबलेला कार्यक्रम पुन्हा होऊ शकतो, तिकिटाचे पैसेही परत मागता येतात. तो थांबवणाऱ्या माणसाला त्या रात्री शिव्या न घालणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.