घरकुल उभं राहताना : स्लॅबचा आठवडा

मैत्रिणींनो, पाया भरला, जोतं झालं, खांब उभे राहिले. आता घरावर छत यायची वेळ आली. बांधकामात गाजावाजा होतो तो याच दिवसाचा. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, शेजारपाजारचे बघायला येतात. आणि नेमका याच दिवशी घरच्या बाईला सल्ला मिळतो, "वहिनी, तुम्ही कशाला उन्हात उभ्या राहता? साहेबांना पाठवा की!"

आता साहेब सकाळी डबा घेऊन जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर बांधकामावर चक्कर मारणारी तुम्हीच. तेव्हा मिस्त्रींच्या या बोलण्याचा राग मानू नका आणि घरीही परतू नका. मिस्त्री आवाजापेक्षा मापाला जास्त मान देतो, हे ध्यानात ठेवा. "काम नीट करा हं" असं दहादा म्हणून काही होत नाही. पण "सळईखाली २० मिलिमीटरचे ठोकळे कुठे आहेत?" असं एकदाच विचारलंत, की तो तुमच्याकडे वळून बघतो. म्हणून आज मापंच सांगते. वहीत उतरवून घ्या.

आदल्या दिवशी

इंजिनिअरने सळया स्वतः येऊन तपासल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा. "उद्या मशीन मिळतंय, उरकून घेऊ" या घाईला बळी पडू नका.

सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळया टेकलेल्या नसाव्यात. स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच, आणि तुळईच्या सळईला २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच जागा हवी. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे मिळतात. त्यांऐवजी खडीचे तुकडे सारलेले दिसले तर ते काढायला लावा, ते निसटतात. सळई उघडी पडली की तिला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. मग वरून कितीही रंग काढा!

तुळईजवळच्या वरच्या सळया कामगारांच्या पायांखाली दबून खाली बसतात. त्या खाली गेल्या की त्यांचा उपयोग संपला. म्हणून ये-जा करायला फळ्या टाकून घ्या. पंख्याचे हूक, विजेच्या नळ्या, न्हाणीघरासाठी खाली घेतलेला भाग, सगळं नकाशाशी ताडून पाहा. आणि मोबाईलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा. उद्या छताला भोक पाडायची वेळ आली, तर नळी कुठून गेली हे तोच फोटो सांगेल.

सिमेंटची गोणी उलटून पाहा. भरल्याचा आठवडा आणि साल तिच्यावर छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट छताला नको. हाताला खडे लागले, तर ती गोणी बाजूला काढा. गोण्या फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर रचलेल्या असाव्यात. ओल लागलेलं पीठ आपण वापरतो का? तसंच हे.

त्या दिवशी

लहान घराच्या स्लॅबला साधारणपणे १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी असं प्रमाण असतं. तुमच्या इंजिनिअरने वेगळं दिलं असेल तर तेच खरं. एका गोणीचं, म्हणजे ५० किलो सिमेंटचं माप ३५ लिटर भरतं. तेवढाच फरमा हवा. एका गोणीला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. घमेली मोजून काम चाललं, तर एक घमेलं शिगोशीग आणि दुसरं अर्धंच, असं होतंच होतं.

सगळ्यांत जपायचं ते पाणी. या प्रमाणात एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल ओतायला सोपा, म्हणून कामगार नळी सोडून देतात. पण पाणी जास्त झालं की काँक्रीटचं बळ गेलंच. रेडीमिक्सची गाडी मागवली असेल, तर तिच्यात कुणाला पाणी घालू देऊ नका आणि चलनावरचे घनमीटर वहीत लिहा.

आता गोण्यांचा हिशेब. वरच्या प्रमाणात एका घनमीटरला सुमारे ८ गोण्या लागतात. समजा, स्लॅब ५०० चौरस फूट आणि जाडी ५ इंच. म्हणजे २०८ घनफूट, जवळजवळ ६ घनमीटर. नुसत्या स्लॅबलाच ४७ च्या आसपास गोण्या झाल्या, तुळयांच्या वेगळ्या. रिकाम्या गोण्या एका जागी ठेवायला सांगा आणि संध्याकाळी मोजा. पस्तीसच निघाल्या, तर विचारायला तुमच्याकडे आधार आहे.

काँक्रीट दाबून बसवायला व्हायब्रेटर लागतो. तो बंद पडला तर दुसरा कुठून येणार, हे सकाळीच विचारून ठेवा. मुलांना त्या दिवशी बांधकामापासून लांब ठेवा.

आणि कामावरच्या बायकांकडे लक्ष असू द्या. दिवसभर घमेली वाहायची, तान्हं मूल झाडाखाली. प्यायला स्वच्छ पाणी, सावली आणि पोटभर जेवण एवढं आपल्या हातात असतं. गोडधोड देण्याची रीत आहेच, पण ते वेळेवर द्या, संध्याकाळी उशिरा नको.

पुढचे दिवस

पाहुणे जातात, ठेकेदार दुसऱ्या कामावर जातो, आणि घराचं खरं भवितव्य आता ठरतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मसाल्याची आळी करून त्यांत पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस. हल्ली बहुतेक ठिकाणी राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट मिळतं, त्याला निदान १० दिवस. उन्हाळा असेल तर १४ दिवस आळी सुकू देऊ नका. खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. बोअरचं खारं पाणी मात्र नको.

हे काम कुणाच्याच वाट्याचं नसतं, म्हणून ते राहून जातं. दोन दिवस पाणी चुकलं तर वरून काहीच दिसत नाही. तडे दिसतात ते मागाहून. तेव्हा पाणी कोण मारणार, त्याचे पैसे कोण देणार, हे ठेकेदाराशी आधीच ठरवा. आणि सकाळ-संध्याकाळ एक फेरी तुमची.

सेंट्रिंग काढायची घाई ठेकेदाराला असते. त्याला त्याच प्लेटा दुसरीकडे लावायच्या असतात. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४, आणि त्यापुढे २१ दिवसांनी. पीपीसीला याहूनही धीर धरावा लागतो. इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय एकही टेकू हलू देऊ नका.

प्लेटा निघाल्या की खालून छत पाहा. मधाच्या पोळ्यासारखी भोकं किंवा उघडी सळई दिसली, तर गिलावा थांबवा आणि आधी इंजिनिअरला बोलवा. एकदा गिलावा चढला, की आतलं पुन्हा कुणालाच दिसत नाही.

पैशांची गोष्ट

काम पुढे आणि पैसे मागे, हा क्रम मोडू नका. स्लॅबच्या हप्त्यातला काही भाग प्लेटा निघून छत पाहून झाल्यावर द्यायचा, असं करारातच घालून घ्या. बँकही कर्ज टप्प्याटप्प्यानेच देते. तिचे टप्पे आणि ठेकेदाराचे टप्पे जुळवून घ्या, नाहीतर मधली रक्कम दागिन्यांतून उभी करायची पाळी येते. दिलेल्या प्रत्येक रकमेसमोर तारीख आणि सही हवीच.

घरात कुणी म्हणेल, "तुला यातलं काय कळतं?" वादात पडू नका. रात्री जेवणं झाल्यावर वही पुढे ठेवा : आजच्या गोण्या इतक्या, पाणी दोनदा मारलं, टेकू अजून जागेवर. आठवड्याभरात तेच विचारू लागतील, "आज काय झालं गं साइटवर?"

पुढच्या अंकात विटा आणि भिंतींविषयी. तोवर दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला, तर वीट चांगली भाजली आहे असं समजा.